नात्याचा रकाना

तिला सगळे सुईमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, पाठ वळली की सुईमावशी. आणि हे नाव तिच्या हातातल्या सुईपेक्षा तिच्या जिभेवरून पडलं असावं, असं मानायला बरीच जागा आहे. आनुवंशिक आजारांच्या विभागात ती एकतीस वर्षं रक्त काढत होती. पिढ्यान्‌पिढ्या घरात उतरणारे जे आजार असतात, त्यांचा शोध घेणारा हा विभाग. शोध वरच्या तीन मजल्यांवर चाले. तिथे थंडगार खोल्या होत्या, काचेची दारं होती, पायांत घालायला वेगळ्या चपला होत्या. तिची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. एक रुंद हातांची खुर्ची, तिच्या हातावर चिकटपट्ट्या लावलेलं रेक्झीन, पक्कड लावल्याशिवाय बंद न होणारा नळ आणि जनरेटरकडे उघडणारी खिडकी. वर जे काही शहाणपण शिजे, ते मावशीने भरलेल्या दोन नळ्यांपासूनच सुरू होई. पण वरच्या कुणी हे कधी छापील कागदावर कबूल केल्याचं ऐकिवात नाही.

रक्त काढायची तिची एक पद्धत होती. माणूस खुर्चीत बसला, की ती दंडाला पट्टा आवळायची आणि कपाळाला आठ्या घालून विचारायची, "तुझ्या आजीला भावंडं किती? आईच्या आईचं विचारतेय, वडिलांच्या नाही."

माणूस छताकडे बघू लागे. बोटं मुडपू लागे. "चार... नाही, पाच. एक बहीण लहानपणीच गेली म्हणतात."

"कशानं?"

"ते काही... ताप होता वाटतं. की पायांतलं बळ..."

तोवर सुई आत जाऊन पहिली नळी भरत आलेली असे. नाती मोजणाऱ्याला टोचलेलं कळत नाही, हे मावशीचं शास्त्र. त्यावर कुणी निबंध लिहिला नव्हता, पण तिच्या खुर्चीत चक्कर येऊन पडलेला माणूस एकतीस वर्षांत एकच. तो स्वतः डॉक्टर होता.

या पद्धतीमुळे आणखी एक झालं होतं. कुठल्या घरात कोण कशाने गेलं, हे तिला तोंडपाठ झालं होतं. रक्ताच्या नळ्यांबरोबर ती एक चिठ्ठी वर पाठवी. तिच्यावर बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, आणि आजारी असेल तर तो गोल किंवा चौकोन काळा केलेला. तिची चिठ्ठी कधी चुकत नाही, असा वर बोलबाला होता. तिलाही ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं ती लपवत नसे.

माणसांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. काही लोक खुर्चीत बसताबसताच सांगत, "आमच्याकडे तसं कुणाला काही नाही हो, मावशी."

"मग इथे काय हवा खायला आलात?"

"डॉक्टर म्हणाले, म्हणून आलो."

"तुमच्या थोरल्या काकांचे हात का थरथरायचे?"

"ते वयामुळे."

"वय किती होतं?"

"चौतीस," तो माणूस म्हणे, आणि मावशी चौकोन काळा करी. लग्नं अडतील, म्हणून लोक आजार लपवत. बाजूच्या घरी कळेल, म्हणून लपवत. आणि मग त्यांचीच मुलं पंचवीस वर्षांनी याच खुर्चीत येऊन बसत आणि म्हणत, आमच्याकडे तसं कुणाला काही नाही. "लोकांना घराणं हवं, पण घराण्यातला आजार नको," असं ती घरी जाऊन नवऱ्याला ऐकवी. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेला. बोलण्यापेक्षा ऐकण्याचा सराव जास्त. तो मान हलवी.

मग यंत्र आलं. नवं, पांढरं, कपाटाएवढं. ते माणसाच्या रक्तातला सगळा मजकूर एका दिवसात वाचतं, असं सांगत होते. त्याच्या उद्घाटनाला फीत होती, फुलं होती, तीन भाषणं होती. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, शेवटचं भाषण केलं. त्यांना प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायची सवय होती, त्यामुळे भाषण होतं त्याच्या दीडपट वाटलं. मावशीला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली, तीही एका पाहुण्याला हवी म्हणून काढून घेतली गेली.

यंत्राबरोबर एक तरुण आला. संगणकाचं सगळं तो बघणार होता. कडक इस्त्रीचा शर्ट, भर उकाड्यात गळ्यात टाय. मावशीने पहिल्याच दिवशी त्याचं टायवाला असं बारसं करून टाकलं, आणि आठवड्याभरात त्याचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठे उरलं नाही. त्याने मावशीच्या टेबलावर एक पडदा आणून ठेवला आणि म्हणाला, "आता चिठ्ठ्या बंद, मावशी. नातं निवडायचं, आजार निवडायचा, बटण दाबायचं. बाकीचं यंत्र करतं."

मावशीने चष्मा लावून रकाना उघडला. आई, वडील, भाऊ, बहीण, काका, काकू. संपलं.

"मामा कुठाय?" तिने विचारलं.

"अं?"

"मामा. आईचा भाऊ. मावशी कुठाय? आत्या कुठाय?"

"ते काका-काकूंतच येतं. मूळ आज्ञावलीत अंकल आहे ना, त्याचं काका केलंय."

"तुला मामा आहे का रे?"

"आहे की."

"त्याला काका म्हणतोस?"

टायवाल्याने जरा विचार केला. "अंकल म्हणतो," तो म्हणाला.

दाराशी उभ्या असलेल्या झाडूवालीला ठसका लागला. मावशी मात्र हसली नाही. "अरे शहाण्या, निम्मे आजार आईच्या अंगानं उतरतात. आईला काही होत नाही, तिच्या भावाला होतं आणि तिच्या मुलाला होतं. तू मामाला काका करून ठेवलंस, की तुझं ते कपाटाएवढं यंत्र त्या आजाराला वडिलांच्या घरी शोधत बसणार. जन्मभर."

ही गोष्ट तीन आठवडे वर-खाली झाली. बैठक झाली. मोठे डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "त्यात तथ्य आहे." शेवटी रकान्यात मामा, मावशी आणि आत्या आले. त्या दिवशी मावशी घरी जाताना जिन्यात ज्याला त्याला सांगत होती, की करोडोंच्या यंत्राला आज मामा मिळाला, आता त्याचं सगळं नीट होईल. टायवाला मागून येत होता. त्याने ऐकलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. तिला ते दिसलं, आणि बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

पुढे दोन-तीन महिन्यांनी तो शिंपी आला. सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, एका कपड्यांच्या दुकानात मापं कमी-जास्त करून देणारा. खुर्चीत बसल्यावर त्याने दोन्ही तळहात नळाच्या थंड तोटीला लावून ठेवले. "राहू दे का असेच? जळतात," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आठवतंय तेव्हापासून. पायही. ऊन लागलं, ताप आला, की विस्तवावर ठेवल्यासारखे. आणि मला घाम येत नाही, मावशी. कितीही पळालो तरी. शाळेत मास्तर म्हणायचे, हा बघा, धावलाच नाही, कोरडा ठणठणीत."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"अकरा." हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. एकाने अशक्तपणा सांगितला होता. एकाने नसा. एकाने आईला बाजूला घेऊन, अभ्यास टाळायची नाटकं आहेत, असं सांगितलं होतं. आणि एकाने लग्न करून द्या म्हणून सांगितलं होतं. बाराव्याने लघवी तपासली, किडनी झिजायला लागल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने इकडे पाठवलं.

"लग्न करून द्या म्हणाला? आणि बायकोने काय करायचं, पंख्यानं वारा घालायचा?" मावशीने पट्टा आवळला. "घरात आणखी कुणाचे हात जळायचे?"

"काकाचे. तो गेला, मी दहा वर्षांचा असताना. किडनीनंच."

"काका थोरला की धाकटा?"

"धाकटा. सगळ्यांत धाकटा." शिंपी छताकडे बघत होता. "बर्फ आणायचा रोज, पाय ठेवायला. मलाही द्यायचा एक खडा."

नळ्या भरल्या. मावशीने पडद्यावर काका निवडला, आजारी निवडला आणि बटण दाबलं.

आता वर काय चाललं होतं, ते सांगितलं पाहिजे. शिंप्याला जो आजार असावा असं बाराव्या डॉक्टरला वाटलं, नेमक्या त्याच आजारावर मोठे डॉक्टर एक नवं औषध लोकांना देऊन बघणार होते. शरीरात जे द्रव्य तयार व्हायला हवं आणि होत नाही, ते तयार करायचा निरोप चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात बंद करून शिरेतून सोडायचा. थेंबाच्या अंगावर अशी काही खूण, की तो किडनीतल्या ठरावीक पेशींनाच जाऊन चिकटावा. डॉक्टर पाहुण्यांना सांगत, "पत्र पाकिटात घातलंय, पाकिटावर पत्ता लिहिलाय, आणि ते बरोबर त्या घराच्या दारात पडतं." मग पाहुणे वा म्हणत. औषध चालेलच असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं, पण आजार कमी पसरलेल्या माणसाला ते लवकर मिळालं तर किडनी वाचायची शक्यता होती. त्यासाठी रोग्यांची यादी करायची होती. पक्की तपासणी करायला दिवस लागे आणि खर्च लागे, म्हणून आधी यंत्र चाळणी लावी. हा आजार आईकडून उतरतो. आईच्या बाजूला कुणी आजारी असेल तर नाव पुढे, नाहीतर वगळलं.

शिंप्याला पत्र गेलं. आपण दाखवलेल्या सहकार्याबद्दल विभाग आभारी आहे.

यादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद व्हायची होती. त्या आठवड्यात बुधवारी दुपारी शिंप्याची आई मावशीच्या खोलीत आली. बुटकी, पदर घट्ट खोचलेली, हातात ते पत्र. मुलाच्या तपासणीचे जुने कागद परत हवे होते, दुसरीकडे कुठे दाखवायला.

"तेरावा का?" मावशी म्हणाली.

"काय करणार, बाई. पोरगं दुकानात चक्कर येऊन पडलं काल. मी एकदा बघितलंय हे सगळं. माझा भाऊ असाच गेला. असेच हात जळायचे, असाच कोरडा, मग पाय सुजले, मग गेला. आता पुन्हा बघायची ताकद नाही माझ्यात."

मावशी कपाट उघडत होती. ती थांबली. "कुणाचा भाऊ?"

"माझा. पाठचा."

"आणि नवऱ्याचा भाऊ? धाकटा? तो कशानं गेला?"

"त्यांना भाऊच नाही. ते एकटे."

"अहो, तो म्हणाला, काका गेला!"

"हो, काकाच म्हणायचा त्याला." आईला यात काही नवल दिसत नव्हतं. "लहानपणी माझ्या माहेरीच होता ना हा. माझ्या थोरल्या भावाची मुलं धाकट्याला काका म्हणायची. त्यांचा तो काकाच. त्यांचं ऐकून ह्यानंही उचललं. आम्ही म्हटलं, म्हणू दे, काय बिघडतंय?"

मावशी खुर्चीत बसली. रोग्याच्या खुर्चीत. तिला तिथे बसलेलं यापूर्वी कुणी बघितलं नव्हतं.

घरी गेल्यावर तिने आधी यंत्राला शिव्या घातल्या, मग टायवाल्याला, मग शिंप्याच्या आईच्या सगळ्या माहेर-सासरला. "मामाला काका म्हणायचं! जीभ आहे का काय आहे? उद्या आईला आत्या म्हणतील!"

नवरा शर्टाचं बटण लावत बसला होता. तो सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "आपला मुलगा मला भाऊ म्हणतो."

"त्याचं काय?"

"काही नाही. माझ्या बहिणी भाऊ म्हणायच्या, त्यानं उचललं. त्याला कुणी खुर्चीत बसवून विचारलं, घरात कोण आजारी, तर तो सांगेल, भाऊ." त्याने दोऱ्याला गाठ मारली. "तुला माहीत होतं ना हे, म्हणून म्हटलं."

"तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही," तो म्हणाला, आणि बटण लावू लागला.

तिला माहीत होतं. हेच तर तिला डाचत होतं. टायवाल्याला माहीत नसणं समजण्यासारखं होतं, तो अंकल म्हणणारा माणूस. पण घराघरांत मुलं आईला वहिनी म्हणतात, बापाला दादा म्हणतात, आजीला आई म्हणतात, हे जिला एकतीस वर्षं उठता-बसता ऐकू येत होतं, तिने काका ऐकला आणि खालचं बटण दाबलं. आजीची भावंडं विचारणारी ती, त्या दिवशी आजीपर्यंत गेलीच नाही. रांगेत मागे चौदा माणसं होती, हे खरं. पण रांग रोजच असे.

गुरुवारी सकाळी ती पहिल्यांदाच आपणहून तिसऱ्या मजल्यावर गेली. टायवाला डबा उघडून न्याहारी करत होता. त्याने घाईघाईने तोंड पुसलं.

"एक नोंद बदलायची आहे. काकाचा मामा करायचा आहे. शिंप्याची."

टायवाल्याने नोंद काढली. "तुम्हीच भरलीय ही, मावशी." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हे जास्त झोंबलं.

"मला दिसतंय."

"माहिती गोठवलीय सोमवारपासून. आता दुरुस्तीचा अर्ज लागतो." त्याने अर्ज पडद्यावर आणला. "इथे दोन रस्ते आहेत. यंत्रातला दोष किंवा कर्मचाऱ्याची चूक. यंत्रातला दोष निवडला तर समिती बसते. पुढची बैठक... पुढच्या महिन्यात."

"आणि माणसाची चूक?"

"ती लगेच होते. तिला समिती लागत नाही."

"अर्थातच. माणूस चुकला तर नवल कुणाला?" मावशी म्हणाली. तिने रात्रीतून एक वाक्य तयार करून आणलं होतं. रकान्यात सुरुवातीला घोळ होता, सगळ्या विभागाला ठाऊक आहे. त्यातच हे कुठेतरी घसरलं असणार. ते वाक्य कुणीही मान डोलावून मान्य केलं असतं. टायवालासुद्धा, कारण त्याची तेवढी नाचक्की आधीच झालेली होती. फक्त त्या वाक्याला एक महिना लागणार होता, आणि शिंप्याकडे उद्या पाचपर्यंतचा वेळ होता.

"लिही, कर्मचाऱ्याची चूक."

"कारण निवडावं लागतं." टायवाल्याने रकाना उघडला. थकवा. दुर्लक्ष. प्रशिक्षणाचा अभाव.

"ह्यात कुठाय, की त्यानं मामाला काका म्हटलं आणि मी गाढवासारखं ऐकलं?"

"तो पर्याय नाहीये."

"असायचाच नाही."

टायवाला खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "थकवा लिहिलं तर वैद्यकीय तपासणी लावतात. दुर्लक्ष लिहिलं तर सेवापुस्तकात शेरा येतो, आणि तुमची निवृत्ती दीड वर्षावर आहे. प्रशिक्षणाचा अभाव लिहा. त्यात दोन तासांचा वर्ग करावा लागतो, बास."

"वर्ग कोण घेतं?"

तो पडद्याकडे बघत राहिला. "मी," तो म्हणाला.

एकतीस वर्षं. मावशीने प्रशिक्षणाच्या अभावावर सही केली. अर्जावर विभागप्रमुखांची सही लागत होती, म्हणून दोघं मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर बाहेरगावच्या परिषदेसाठी भाषणाची तयारी करत होते. भिंतीवर चरबीचा थेंब बैलगाडीच्या चाकाएवढा मोठा करून दाखवला होता, रंगीत.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि घसा साफ केला. "म्हणजे, मावशी, हे तुमच्या त्या गप्पांमुळे झालं."

"गप्पांमुळे नाही, साहेब. गप्पा अर्ध्यावर सोडल्यामुळे."

"तेच ते. यापुढे प्रश्न बंद. रोगी स्वतः पडदा भरतील. तुम्ही फक्त रक्त घ्या. माणसाचा हस्तक्षेप जितका कमी, तितकी माहिती शुद्ध."

"स्वतः भरतील, तर तो स्वतः काकाच भरेल. त्याला वाटतं तो काकाच आहे."

"त्यात तथ्य आहे," डॉक्टर म्हणाले, आणि सही करण्यासाठी पेन शोधू लागले.

मावशीच्या तोंडात त्या वेळी पुष्कळ काही आलं होतं. तुमचं पाकीट शिरेतून जाऊन, यकृताला चुकवून, लाखो पेशींतून नेमकी एक पेशी हुडकतं, आणि पाकीट ज्याला द्यायचं तो माणूस तुमच्या जिन्याखाली खुर्चीत बसून गेला तर तो तुम्हाला सापडत नाही. तुमच्या थेंबाला पत्ता कळतो आणि तुम्हाला आजोळ कळत नाही. एवढं सगळं. पण पेन अजून सापडलेलं नव्हतं. तिने आपल्या खिशातलं, नळ्यांवर नावं टाकायचं पेन काढून पुढे केलं, आणि तोंड मिटून उभी राहिली. तिला ओळखणाऱ्यांना हे सांगितलं तर ते विश्वास ठेवत नाहीत.

सही झाली. डॉक्टरांनी पेन परत दिलं नाही.

शिंप्याचं रक्त शीतपेटीत पडलेलंच होतं. गुरुवारी दुपारी ते पक्क्या तपासणीला गेलं. मावशीने त्या दिवशी सव्वीस जणांचं रक्त काढलं आणि एकालाही काही विचारलं नाही. दोघं ओरडले. एक बाई रडली. चौथ्या-पाचव्या माणसाने आपणहून विचारलं, "मावशी, तुम्ही नाती विचारता ना? आमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं होतं."

"बंद झालं. आता पडद्याला सांगा," ती म्हणाली, आणि कोपरात सुई घातली. त्याला दुखलं.

टायवाला संध्याकाळी खाली आला. रकान्यात एक ओळ वाढवायची परवानगी त्याने मागितली होती: ज्यांचं नाव सांगताय, त्यांना जन्म आईच्या आईने दिला की वडिलांच्या आईने? "तुमच्याच प्रश्नावरून केलंय," तो म्हणाला. मावशी म्हणाली, "टाय सैल कर आधी, गुदमरशील." ती ओळ विचाराधीन असल्याचं नंतर कळलं. बरेच महिने झाले, अजूनही विचारच चालू आहे. इतका विचार त्या तीन मजल्यांवर एकाच वेळी पूर्वी कधी झाला नसावा.

शुक्रवारी दुपारी अडीचला निकाल आला. ते द्रव्य शिंप्याच्या रक्तात जवळजवळ नव्हतंच. आजार तोच. तीन वाजता त्याचं नाव यादीत चढलं. पत्र छापून, सही होऊन टपालात पडायला पुढचा आठवडा उजाडणार होता, म्हणून मावशीने कोपऱ्यातला फोन ओढला आणि जनरेटरच्या आवाजावर आवाज चढवून शिंप्याच्या आईला सांगितलं.

पलीकडून आई म्हणाली, "म्हणजे तोच आजार. माझ्या भावाचा."

"तोच. पण आता त्याला नाव आहे, आणि तुमचा मुलगा यादीत आहे. सोमवारी आठ वाजता आणा, उपाशीपोटी. पाणी प्यायलं तरी चालेल."

"औषधानं बरा होईल?"

"ते मला माहीत नाही. वरच्यांनाही माहीत नाही, फक्त ते मोठ्यानं सांगतात. पण किडनी अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि सुरुवात लवकर होतेय. एवढं खरं आहे."

आई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सासूबाई जन्मभर म्हणायच्या, आमच्या घरात असलं कुणी नव्हतं, तुझ्याकडूनच आणलंस. मी म्हणायचे, नाही हो. म्हणजे माझ्याकडूनच गेलं ना, बाई, त्याला?"

आजार आईकडून उतरतो, हे मावशीनेच टायवाल्याला ताठ मानेने शिकवलं होतं. ते वाक्य एखाद्या आईला फोनवर कसं ऐकू येतं, याचा विचार तिने एकतीस वर्षांत केला नव्हता. गोल काढताना तिचा हात कधी थांबला नव्हता.

"तुमच्याकडून गेलं," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? तुमच्या आईकडून तुमच्याकडे आलं, तिच्या आईकडून तिच्याकडे. त्यातल्या एकीनं तरी ते मुद्दाम डब्यात बांधून दिलं होतं का? आणि तुमच्या सासूबाई! त्यांच्याकडून काय काय आलंय, ते कुणी तपासलंच नाहीये. त्यांना म्हणावं, या एकदा खुर्चीत बसायला."

"त्या वारल्या हो."

"मग वाचल्या," मावशी म्हणाली.

पलीकडून जो आवाज आला, तो रडण्याचा होता की हसण्याचा, ते जनरेटरमुळे तिला नीट कळलं नाही. ती फोन कानाला लावून थांबली. दारात पुढचा माणूस बाही वर करून उभा होता, त्याला तिने हातानेच बसायची खूण केली.

"ऐका," ती मग म्हणाली, "तुम्हाला बहिणी आहेत?"

"दोन. एक थोरली, एक धाकटी."

"सख्ख्या? तुमच्या आईच्या पोटच्या? नीट सांगा, नुसतं बहीण म्हणू नका."

"सख्ख्या."

"त्यांना मुलगे?"

"थोरलीला एक आहे. धाकटीला दोन. त्यातला लहान..." आई थांबली. "त्यातला लहान उन्हात जातच नाही."

"त्यालाही आणा सोमवारी," मावशी म्हणाली, आणि मोकळ्या हाताने टेबलावर दुसरं पेन शोधू लागली.